वा त्या सुमारास

एकशे त्रेपन्न. खासदारबाईंच्या कार्यालयात ज्याला सगळे 'असल्यास' म्हणत, त्याने पेन्सिलीच्या टोकाने प्रश्नाचा एकेक शब्द टोचत तिसऱ्यांदा मोजलं, तरी एकशे त्रेपन्नच. नियम दीडशेचा. वर एक जरी शब्द गेला तरी प्रश्नशाखेतला कारकून कागद परत पाठवतो आणि कोपऱ्यात लाल शाईने 'शब्दमर्यादा' असं लिहितो, जणू चारित्र्यावरच शेरा मारतोय. साडेचार वाजले होते. खिडकी पाचला बंद. असल्यासने तीन शब्द उडवले, कागद टाइप केला, बाईंची सही घेतली आणि जिना उतरून खिडकीवर ठेवला. कारकुनाने मोजलं, मान डोलावली, शिक्का मारला.

उडवलेले शब्द होते, 'वा त्या सुमारास'.

आता ज्याने आयुष्यात कधी सभागृहाचा प्रश्न लिहिला नाही, त्याला हे शब्द म्हणजे भरताड वाटतील. पण या धंद्यात ते कुलूप आहे. 'अमुक तारखेला, वा त्या सुमारास, अमुक घडले हे खरे आहे काय' असं विचारलं की मंत्र्याला एका दिवसाच्या फरकाने निसटता येत नाही. शेपूट नसेल आणि तारीख एका दिवसाने चुकली, तर मंत्री छातीवर हात ठेवून 'हे खरे नाही' म्हणू शकतो, आणि बिचारा खरंच बोलत असतो. हे असल्यासनेच बावीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं होतं. वैद्याची पुडी वैद्यालाच लागू पडत नाही, म्हणतात ते उगाच नाही.

त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. प्रश्नाची रीत अशी, की पहिल्या भागात 'हे खरे आहे काय', दुसऱ्यात 'असल्यास, कारणे काय', तिसऱ्यात 'असल्यास, कोणती कारवाई केली'. दिवसभर हेच लिहिणाऱ्या माणसाला कार्यालयाने दुसरं काय म्हणायचं? सवय जिभेलाही लागली होती. घरी आल्या आल्या तो बायकोला विचारी, "दूध आलंय काय? असल्यास चहा कधी?" बायकोही बावीस वर्षांत तयार झालेली. "दूध आलेलं नाही," ती म्हणे, "पुढचा प्रश्न उद्भवत नाही. पिशवी घ्या आणि निघा."

तो तिसऱ्या खासदाराच्या पदरी होता. पहिले खासदार प्रश्न विचारून झोपी जात आणि उत्तर संपल्यावर टाळ्यांनी जागे होत. दुसरे प्रश्न द्यायचे, पण पुकारा व्हायच्या वेळी जागेवर नसायचे, आणि सदस्य जागेवर नसला की प्रश्न बाद. तिसऱ्या या बाई. पूर्वी टपालखात्यात खिडकीवर बसायच्या. समोरच्या माणसाचं काम झालं की अजूनही त्यांच्या तोंडून "पुढचे!" निघायचं, समोर स्वतःचा नवरा असला तरी. बाई जागेवर असत, कागद वाचून येत आणि उत्तर मिळालं नाही तर बसत नसत. असा खासदार मिळायला असल्यासची अर्धी नोकरी खर्ची पडली होती. आपण लिहिलेलं कुणीतरी खरंच विचारतंय, हे त्याला उतारवयात मिळालेलं सुख होतं.

आणि त्या सुखाच्या भरातच त्याने बहिणीचं दुखणं कागदावर आणलं.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती अठराची होती. तिने परिचारिकेचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली, धाकट्याला शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचं कुणी काढलं की "बाळची परीक्षा होऊ दे" म्हणून टाळलं. बाळने परीक्षा एवढ्या दिल्या की तिचं वय निघून गेलं. बावन्नाव्या वर्षीही तो तिच्यासाठी बाळच होता. ती नदीपलीकडच्या एका लहान आरोग्यकेंद्रात होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

नदीवरचा पूल दुरुस्तीला सहा महिन्यांसाठी बंद झाला, त्याला अडीच वर्षं झाली होती. तोंडाला पत्रे ठोकलेले, कडेने माणसापुरत्या फळ्या. गाडीला एकतीस किलोमीटरचा वळसा. ताईने वर तीन पत्रं पाठवली होती: बाळंतिणी आहेत, गाडी येत नाही, एखादी हातची जाईल. उत्तर एकाही पत्राला नव्हतं.

मग एक गेली. ताईने बुधवारी फोन केला. आवाज कोरडा, यादी वाचावी तसा. "सोमवारी संध्याकाळी आणली तिला. मी रजेवर होते रे, निवृत्तीच्या कागदांसाठी हेड ऑफिसला गेलेले, पण सातला परत आले तर दारात बसलेली. म्हटलं, रजा गेली चुलीत. पहाटे मोकळी झाली. मुलगी. सकाळी रक्त थांबेना. गाडी बोलावली, तर पत्र्यांच्या पलीकडे येऊन उभी. चौघांनी उचलून फळ्यांवरून नेली. एकाचा पाय घसरला, मध्येच खाली ठेवावी लागली. चाळीस मिनिटं, बाळ. गाडीत ठेवली आणि गाडी वळायच्या आत संपली."

असल्यासने फोनशेजारच्या कागदावर पहिल्या ऐकलेल्या वाराची तारीख लिहिली. सोमवार, आठ. मृत्यू मंगळवारचा, नऊचा. डोळे भरून आले होते, हे त्याचं कारण. समर्थन नव्हे.

आणखी एक शहाणपण त्याने केलं. तिसऱ्या भागात मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'असल्यास, संबंधित परिचारिकेने तीन वेळा लेखी कळवूनही'. ताईच्या पत्रांना निदान सभागृहात तरी वाचा फुटावी, म्हणून. ही परिचारिका आपली बहीण आहे, हे त्याने बाईंना सांगितलं नाही. कार्यालयात घरचं आणू नये, असा त्याचा नियम होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो तेव्हा दांड्यालाही आपण नियमानेच वागतोय असं वाटत असावं.

प्रश्नांचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत हा प्रश्न दुसरा लागला. असल्यास कर्मचाऱ्यांच्या सज्जात जाऊन बसला. बांधकाममंत्री उठले. गुटगुटीत, हसरा माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"एक, हे खरे नाही. दोन आणि तीन, प्रश्न उद्भवत नाही."

बसले.

बाई उभ्या राहिल्या. "अध्यक्षमहोदय, एक बाळंतीण पुलावर दगावली आणि मंत्री म्हणतात खरं नाही? मग ती कुठे गेली, माहेरी?"

मंत्री सावकाश उठले. त्यांना घाई नव्हती. मांजराला असते का? "सन्माननीय सदस्यांनी आठ तारीख विचारली आहे. आठ तारखेला त्या केंद्रात एकही मृत्यू नाही, नोंदवही माझ्या हातात आहे. आणि ज्या परिचारिकेच्या पत्रांचा सदस्य हवाला देतात, त्या बाई आठ तारखेला, अध्यक्षमहोदय, रजेवर होत्या." बाकं हसली. "सभागृहाला खोटी माहिती कोण पुरवतं, याची चौकशी व्हावी, असं मी आरोग्यखात्याला आजच कळवतो."

सज्जात असल्यासला आठ म्हटल्याबरोबर कळलं होतं. आपण कुठला शब्द कुठे कापला, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं, पेन्सिलीच्या रेघेसकट.

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात बाईंनी त्याला गाठलं. "तारीख कुठून आणलीत?"

"फोनवरून, बाई."

"कुणाच्या?"

"तिथल्याच... एकांच्या."

बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मागून कुणीतरी हाक मारत होतं. "पुढचे!" म्हणाल्या आणि गेल्या.

चौथ्या दिवशी ताईचं निलंबन झालं. तिचाच फोन आला. "वाचून दाखवू? 'रजेवर असताना घडलेल्या कथित घटनेबाबत लोकप्रतिनिधीस असत्य माहिती पुरवली.' कथित म्हणे! मी त्या कथित पोरीचे हात धरून बसले होते. तुमचा मंत्री एक नंबरचा खोटारडा आहे बघ. चोराच्या उलट्या बोंबा."

"हो ताई."

"हो काय? तुझ्या त्या खासदारबाईंना सांग, परत विचारा म्हणावं."

"सांगतो."

मंत्री खोटं बोलला नाही, तारीख मी चुकवली, एवढं वाक्य. त्याची लांबी दीडशे शब्द नव्हती. तरी ते त्याने ताईला सांगितलं नाही.

रविवारी तो तिच्याकडे गेला. बस पत्र्यांपाशी संपते. फळ्यांवरून चालताना मधल्या फटींतून खाली पाणी दिसतं, आणि कठड्याच्या जागी बांधलेला दोर हाताला तेलकट लागतो. दुरुस्तीचं सामान एका ताडपत्रीखाली होतं. ताडपत्रीवर गवत उगवलं होतं. म्हणजे काम प्रगतिपथावर होतं.

ताईचं क्वार्टर केंद्राला चिकटूनच. ती खणातली कापडं घड्या घालून पेटीत भरत होती. निलंबनानंतर घर सोडावं लागतं की नाही, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून ती आपली तयारीत होती.

"पस्तीस वर्षांत एक मेमो नाही मला," ती म्हणाली. "आठ महिने राहिले होते. चौकशी लावून ठेवली की निवृत्तिवेतन अडकतं. इथली मेडिकल दुकानवाली म्हणाली, दहा-दहा वर्षं लोंबतं. तोवर मी काय खाऊ, गोळ्या?"

"मी आहे ना."

"तू आहेस म्हणून तर," ताई म्हणाली. तिला काही टोचायचं नव्हतं. ती फक्त बोलत होती. पण असल्यासला चहा कडू लागला. साखर दोन चमचे होती.

"त्या पोरीचा नवरा आलाय," ताई म्हणाली. "बोटीवर असतो. गेली तेव्हा समुद्रात होता. काल केंद्रासमोरून गेला, माझ्याकडे पाहिलं आणि थुंकला. पेपरात वाचलंय ना त्याने, सिस्टर रजेवर होती. त्याची आई त्या रात्री तिथेच होती, मला बघत होती, पण म्हातारीचं कोण ऐकतं? छापलेलं खरं."

असल्यासने तोंड उघडलं. ताई म्हणाली, "बिस्किट घे." त्याने बिस्किट घेतलं.

सोमवारी सकाळी मात्र तो बाईंच्या खोलीत शिरला, दार लावलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नऊ तारीख. तीन शब्द. बहीण. बाई पत्रांवर सह्या करत होत्या. हात थांबला.

"बहीण म्हणजे सख्खी?"

"सख्खी. आईच म्हणा."

"आणि हे मला आज सांगताय. तिला निलंबित केल्यावर."

"हो बाई."

"अहो असल्यास, मी खिडकीवर असताना एकाने मनीऑर्डरवर गावाचं नाव चुकवलं होतं. पैसे कुठेतरी भलत्याच म्हातारीला गेले. मी त्याला काय म्हटलं असेल?"

"काय?"

"ते मी खासदार झाल्यापासून बोलत नाही." बाईंनी टोपण लावलं. "आता उपाय काय?"

असल्यासला उपाय ठाऊक होता आणि तो तोंडातून निघत नव्हता. "नवा प्रश्न द्यायचा, नऊ तारखेचा. पण जुनी नोंद तशीच राहील. ती खोडायची तर... सदस्यांनीच उभं राहून सांगावं लागेल, की चूक आपली होती."

"सदस्यांनी म्हणजे मी."

"हो."

"समोर ते सगळे बसलेले असताना."

"हो बाई. माझा राजीनामा टाइप करून आणलाय. तुम्ही म्हणाल तर नाव घेऊन सांगा, की अमुक कर्मचाऱ्याने—"

"राजीनाम्यात तारीख बरोबर आहे का?" बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. कागद घेतला, न वाचता खणात टाकला. "प्रश्न लिहा. शेपूट सोडलंत तर मी तुम्हाला फळीवरून खाली ढकलीन. पुढचे!"

प्रश्न लिहायला त्याला दोन दिवस लागले. पंधरा दिवसांच्या पूर्वसूचनेची मुदत, मग सोडत. चौथा क्रमांक आला. तासाभरात पाच-सहाच प्रश्न होतात, तेव्हा चौथा म्हणजे काठावरच. पहिल्या प्रश्नावर गोंधळ, दुसऱ्यावर सभात्याग. घड्याळात अकरा मिनिटं उरली तेव्हा चौथा पुकारला गेला.

बाई उभ्या राहिल्या. "विचारण्याआधी एक निवेदन. मागच्या प्रश्नातली तारीख चुकीची होती. चूक माझ्या कार्यालयाची, म्हणजे माझी. परिचारिकेची नाही. मृत्यू नऊ तारखेचा आहे."

"दिनदर्शिका भेट द्या!" समोरून कुणी ओरडलं. "आम्ही वर्गणी काढतो!" बाकं बडवली गेली. बाई हशा संपेपर्यंत उभ्या राहिल्या, खिडकीवर सुट्या पैशांसाठी थांबतात तशा. सज्जात असल्यासने मान खाली घातली.

मंत्र्यांचा चष्मा शेंड्यावर आला. "एक, हे खरे आहे."

एवढंच, पण सभागृह जरा गप्प झालं. 'हे खरे आहे' हे शब्द तिथे वरचेवर ऐकू येत नाहीत.

"दोन, पुलाचे काम प्रगतिपथावर असून साठ टक्के पूर्ण झाले आहे."

"साठ?" बाईंनी कागद उलटला. "गेल्या वर्षी याच मंत्र्यांनी याच सभागृहात पासष्ट सांगितले होते. अध्यक्षमहोदय, पूल मागे मागे चाललाय का?"

हशा या वेळी दोन्ही बाजूंनी आला. मंत्रीही हसले. "फेरमोजणीत थोडा फरक पडला."

"त्या थोड्या फरकावर ती बाई चाळीस मिनिटं होती. पूर्ण कधी होणार? तारीख सांगा. मी चुकवते, तुम्ही तरी बरोबर सांगा."

"शक्य तितक्या लवकर."

"आणि परिचारिका? निलंबन मागे घेणार?"

"आरोग्यखात्याला फेरविचार करायला सांगू. मात्र चौकशी सुरू झालेली असल्याने तिच्याविषयी बोलणं उचित नाही."

"मग 'खोटी माहिती' हे मागच्या वेळचे शब्द तरी कामकाजातून काढा."

अध्यक्षांनी बाजूच्या सचिवाकडे वाकून ऐकलं आणि सांगितलं की ते कामकाज छापून झालं आहे; दोन्ही नोंदी राहतील. घंटा वाजली. तास संपला.

दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत बातमी होती: 'पूल मागे चाललाय का? खासदारांच्या प्रश्नाने हशा'. परिचारिकेचा उल्लेख नव्हता. खालच्या ओळीत 'तारीख ही खासदारांच्या कार्यालयाची चूक' एवढं मात्र होतं.

तीन आठवड्यांनी निलंबन उठलं आणि ताई कामावर परत आली. चौकशी चालूच होती. चौकशी हे एक असं जनावर आहे, की त्याला जन्माला घालणारा विसरून जातो आणि ते आपलं आपण चरत राहतं. ताई निवृत्त होईल तेव्हा कागद अडेल, हे आता ठरल्यासारखंच होतं. मेडिकलवालीचा हिशोब बरोबर होता.

असल्यास त्या रविवारी गेला, तो बोलायचं ठरवूनच. ताई लसींच्या पेटीतल्या बाटल्या मोजत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कार्यालय म्हणजे तूच ना?"

तो उभाच राहिला.

"पेपरातल्या खालच्या ओळीत 'कार्यालयाची चूक' म्हणून होतं. तिथे दुसरं कोण लिहितं? आणि त्या रविवारी येऊन नुसती बिस्किटं खाऊन गेलास."

"ताई, तीन शब्द जास्त होत होते."

"काय?"

त्याने सांगितलं. नियम, खिडकी, साडेचार, सगळं. सांगताना त्याच्याच कानाला ते इतकं बारीक वाटत होतं की आवाज आपोआप खाली जात गेला.

ताईने बाटली जागेवर ठेवली. "माझी तीन पत्रं दोन-दोन पानांची होती," ती म्हणाली. "त्यातलं एक पान कापायचंस." बाहेर बाकावर एक बाई पोराला थोपटत होती. "मला सांगायचं होतंस रे. मी शिव्या त्या मंत्र्याला दिल्या. त्या तुझ्या होत्या."

"आता दे."

"आता त्या शिळ्या झाल्या." तिने पेटीचं झाकण लावलं. "निवृत्तिवेतनाचं मी बघेन. रडतोस काय, बैल झालास एवढा. माझं एक काम कर. त्या पोरीच्या नवऱ्याकडे जा. त्याची लेक अडीच महिन्यांची झाली. लशीला आणत नाही माझ्याकडे. पलीकडच्या गावी नेतो, रांगेत दिवस घालवतो, पण मला हात लावू देत नाही. त्याला सांग, सिस्टर होती. सोमवारी संध्याकाळी सात ते मंगळवारी दुपारी, सिस्टर होती. मी सांगितलं तर त्याला पटायचं नाही. ज्याने चुकवलं, त्याने सांगावं."

"जातो," असल्यास म्हणाला. "आजच जातो."

घर केंद्रापासून चौथं. अंगणात दोरीवर लंगोट वाळत होते. नवरा पायरीवर बसून मुलीला मांडीवर झोपवत होता, तिचं डोकं धरायला त्याचा पंजा पुरून उरत होता. असल्यास कुंपणापर्यंत गेला. नवऱ्याने वर पाहिलं. "कोण पाहिजे?" असल्यासने विचारलं, बस किती वाजता आहे. "साडेपाच," नवरा म्हणाला.

त्या रविवारला आता तीन महिने होत आले. अधिवेशन संपलं, दुसरं लागलं. मध्ये बोटीवरून बोलावणं आलं होतं, पण म्हातारीच्याने होत नाही, मग मुलीला कुणाकडे ठेवणार म्हणून नवरा गेला नाही, असं ताईने फोनवर सांगितलं. बोललास का त्याच्याशी, असं तिने विचारलं नाही. बोललो नाही, असं असल्यासनेही सांगितलं नाही. मुलीच्या एका लशीची तारीख मागच्या बुधवारी होती. लस पलीकडच्या गावीच दिली गेली.